करून बघायला काय हरकत आहे?



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पाऊस, मग नातीची परीक्षा. आज मात्र लिहायला बसले आहे ती जरा रागानेच. वाचणाऱ्यांत आमचे नातेवाईक बरेच आहेत, आणि राग त्यांच्यापैकीच काहींवर आहे. तेव्हा आधीच सांगते, मनाला लागलं तर लागू द्या. मोठ्या माणसाचा तेवढा अधिकार असतो.

झालं असं की गेल्या रविवारी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप आला. समुद्राच्या पोटात कॅन्सरवरचं रामबाण औषध सापडलं आहे, ते शंभर टक्के नैसर्गिक आहे, केमोची गरज नाही, आणि डॉक्टर हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत, असा एकूण मजकूर. खाली निळ्याशार समुद्राचा फोटो, एका डब्याचा फोटो आणि मागणीसाठी मोबाईल नंबर. त्यावर चौदा जणांनी हात जोडले होते. एकाने अंगठा दाखवला होता. आणि आमच्या एका शिकलेल्या, चांगल्या नोकरीतल्या भाच्याने लिहिलं होतं, 'करून बघायला काय हरकत आहे?'

चौतीस वर्षं मी अंबरनाथच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. चुकीचं वाक्य दिसलं की अजूनही हात लाल पेनकडे जातो. 'करून बघायला काय हरकत आहे?' हे व्याकरणदृष्ट्या बिनचूक वाक्य आहे. पण माझ्या पाहण्यात याच्याइतकं घातकी वाक्य दुसरं नाही. हे मी आज ठामपणे म्हणते, कारण एकेकाळी ते मी स्वतः म्हटलं आहे.

ही गोष्ट घरातल्या काही जणांना माहीत आहे, पण पूर्ण कुणालाच नाही.

२०११ साल. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. माझे धाकटे दीर उल्हासनगरला राहायचे. वय चोपन्न. अंबरनाथच्या एका कारखान्यात नोकरी, अंगापिंडाने धडधाकट माणूस. ताप जाईना, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, अंगावर काळेनिळे डाग दिसू लागले. तपासण्या झाल्या आणि निदान आलं, रक्ताचा कर्करोग. फायलीवर लिहिलं होतं, अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात भरती केलं. सात दिवस रात्रंदिवस एक सलाईन, आणि त्यातले तीन दिवस दुसरं, लाल रंगाचं. त्या लाल सलाईनची आम्हाला सगळ्यांना फार भीती वाटायची. आमचे हे आणि जाऊबाई आळीपाळीने लोकलने जायचे. मी डबे करायची. केस गेले, तोंड आलं, घास गिळवेना. महिनाभराने घरी आले तेव्हा ओळखू येत नव्हते. पण रक्त सुधारलं होतं. डॉक्टर म्हणाले, 'आत्ता तपासणीत रोग दिसत नाही, पण गेलेला नाही. अजून तीन-चार वेळा औषध घ्यावंच लागेल, नाहीतर तो परत येणार.'

त्याच महिन्यात एक गृहस्थ घरी आले. कुणाच्या तरी ओळखीचे, गोड बोलणारे, पांढरा शर्ट, हातात चामडी बॅग. तासभर बसले. भाऊजींचा हात हातात घेऊन बसले. बॅगेतून एक डबा काढला. शार्क माशाची कूर्चा आणि समुद्री शेवाळाची पावडर. शार्कला कॅन्सर होत नाही म्हणाले. केमो म्हणजे रसायन, म्हणजे विष; आणि हे निसर्गाचं देणं, समुद्राचं अमृत. दोन्ही एकदम घेतलं तर मात्र विषामुळे अमृताचा गुण येत नाही, म्हणून केमो थांबवा. सहा हजारांचा एक डबा, महिन्याला दोन.

त्यांच्याकडे एक इंग्रजी पुस्तिका होती. भाऊजी म्हणाले, 'वहिनी, तुम्ही शिकलेल्या. वाचून सांगा काय लिहिलंय ते.' मी माझ्या मराठी माध्यमातल्या बी.ए.च्या इंग्रजीने ती वाचली, मराठीत सांगितली, आणि वाचून झाल्यावर म्हणाले, 'तसं करून बघायला काय हरकत आहे?'

भाऊजी परत मुंबईला गेले नाहीत. पहिले काही आठवडे छान गेले. केस उगवायला लागले, जेवण जाऊ लागलं. डब्याचा गुण, असं सगळे म्हणू लागले. चार महिन्यांनी रोग परत आला, आणि या वेळी त्याने थांबायला वेळच दिला नाही.

भाऊजी केमोने नक्की वाचले असते असं मी म्हणत नाही. तो आजार फार वाईट, पूर्ण उपचार घेऊनही पुष्कळ जण दगावतात. पण रोग दबलेला असताना पुढचे उपचार घेतले नाहीत, तर तो जवळजवळ प्रत्येकात उलटतो, हे जगभरच्या डॉक्टरांना ठाऊक आहे आणि आम्हाला ते सांगितलंही होतं. त्यांच्या हातात एक संधी होती. ती आम्ही सहा हजारांच्या डब्यावर उधळली.

आता यातला खरा भाग ऐका. तो मला तेरा वर्षांनी कळला.

माझी नात बी.फार्म. करते. दिवाळीत जाऊबाईंकडे गेलो असताना त्यांनी माळ्यावरून जुनी कागदपत्रं काढली होती. त्यात भाऊजींची फाईल. नातीने चाळली आणि म्हणाली, 'आजी, आजोबांना सायटाराबिन दिलं होतं. हे औषध कुठून आलं माहितेय? समुद्रातून.'

मी म्हटलं, काहीतरीच काय. तिने मला समजावून सांगितलं. पुढे मीही दोन-तीन महिने तिच्या मागे लागून वाचलं, तिच्याकडून तपासून घेतलं. ते तुम्हाला सांगते.

१९४५ साली वेर्नर बर्गमान नावाच्या अमेरिकेतल्या एका रसायनशास्त्रज्ञाने फ्लोरिडाच्या उथळ समुद्रातून एक स्पंज गोळा केला. स्पंज म्हणजे आपण पाटी पुसायचो तो नव्हे, समुद्राच्या तळाला चिकटून बसणारा जिवंत प्राणी. ना डोळे, ना पाय, ना कवच. त्यात त्याला काही विलक्षण पदार्थ सापडले. आपल्या पेशीत आनुवंशिक माहितीची जी साखळी असते, डीएनए, तिच्या कड्यांसारखेच ते दिसत होते. फरक इतकाच की कडीतली साखर वेगळी होती. १९५०-५१ च्या सुमारास त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने हे छापून प्रसिद्ध केलं. निसर्गाने साखर बदलून अशी बनावट कडी केली आहे, तर आपणही करून पाहू, असं मग इतरांना सुचलं. १९५९ साली कॅलिफोर्नियात त्या नमुन्यावरून सायटाराबिन तयार झालं, आणि १९६९ साली अमेरिकेत ते रक्ताच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. अर्ध्या शतकाहून जास्त काळ जगभर ते वापरात आहे.

ते काम कसं करतं? आपल्याकडच्या लोकांना लोकलचंच उदाहरण देते. पेशी दुभंगताना तिला डीएनएची नवी गाडी जोडायची असते, डब्याला डबा. सायटाराबिन हा हुबेहूब दिसणारा खोटा डबा. पेशी फसते, तो जोडते, आणि पुढचा डबा त्याला नीट बसतच नाही. गाडी तिथेच अडते. कर्करोगाच्या पेशी सारख्या दुभंगत असतात म्हणून त्या जास्त फसतात. केसांची मुळं आणि तोंडाची आतली त्वचाही भराभर वाढते, म्हणून त्यांनाही फटका बसतो. केस का गेले आणि तोंड का आलं, याचं उत्तर हे.

आणि ते भयंकर लाल सलाईन? ते डॉनोरुबिसिन असणार, नात म्हणाली. ते इटलीतल्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून मिळालं. त्याचा लाल रंग त्याचा स्वतःचा, उपजत.

म्हणजे बघा मंडळी. आमच्या घरात तासभर 'रसायन विरुद्ध निसर्ग' असं प्रवचन झालं. आणि जे रसायन म्हणून आम्ही झिडकारलं, त्यातलं एक समुद्राच्या स्पंजाने सुचवलेलं आणि दुसरं मातीतल्या जिवाणूने बनवलेलं. समुद्राचं औषध भाऊजींच्या शिरेत आधीच गेलेलं होतं. ते थांबवून आम्ही त्यांना समुद्राच्या नावाची पावडर दिली. दुधात कालवून. मीच कालवायची.

आता तुमच्या हरकतींकडे वळते. गेल्या आठवड्यात फोनवर दोन-तीन जणांशी वाद झाला, त्यामुळे त्या मला पाठ आहेत.

पहिली हरकत. 'म्हणजे समुद्रात औषध आहे हे तुम्हीही मान्य करता. मग पावडर खाल्ली तर काय बिघडलं?'

याला आकडा सांगते, कारण आकड्याशिवाय हे कळत नाही. जपानी शास्त्रज्ञांनी १९८६ च्या सुमारास त्यांच्या किनाऱ्यावरच्या एका काळ्या स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन नावाचा जबरदस्त पदार्थ वेगळा केला. सहाशे किलो स्पंजातून मिळाला किती? साडेबारा मिलिग्रॅम. चिमटीतही येणार नाही इतका. तो समुद्रातून काढत बसलो तर समुद्र रिकामा होईल, म्हणून हार्वर्डच्या किशी या प्राध्यापकांनी १९९२ साली तो प्रयोगशाळेत बनवून दाखवला. त्याचा कामाचा तेवढा भाग घेऊन पुढे एरिब्युलिन हे औषध झालं. साठाहून जास्त पायऱ्यांनी ते बनवावं लागतं. २०१० साली अमेरिकेत ते पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. त्याच्या एका सुईत साधारण दोन मिलिग्रॅम औषध असतं. गणित तुम्हीच करा. तेवढा मूळ पदार्थ स्पंजातून काढायचा तर एका सुईला शंभरेक किलो स्पंज लागेल. आणि तुम्ही मला चमचाभर हिरव्या पावडरीत काय मिळणार म्हणून सांगता?

ट्रॅबेक्टेडिनचं तसंच. खारफुटीच्या मुळांना चिकटून वाढणाऱ्या पिशवीसारख्या एका सागरी जिवापासून ते मिळालं. एक ग्रॅमसाठी सुमारे एक टन जीव लागत. त्याची कर्करोगावरची चाहूल १९६९ साली लागली, युरोपात औषध म्हणून मंजुरी मिळाली २००७ साली. अडतीस वर्षं! त्या काळात एक मूल शाळेत जाऊन, शिकून, लग्न होऊन त्याची मुलं शाळेत जातात. आणि तो पांढऱ्या शर्टवाला एका तासात उठून गेला.

दुसरी हरकत. 'नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय तर नाही?'

हे कुणी शिकवलं तुम्हाला? स्पंज तळाला चिकटलेला, पळता येत नाही, चावता येत नाही. खायला येणाऱ्याला तो कसा थोपवणार? विषाने. समुद्रातल्या अशा मऊ, कवच नसलेल्या, जागेवरून न हलणाऱ्या जिवांत इतके प्रभावी पदार्थ सापडतात, त्याचं एक मोठं कारण हेच समजलं जातं. किनाऱ्यावर पावसाळ्यात जेलीफिश डसतो तोही नैसर्गिकच. समुद्राने आपल्याला औषध म्हणून काही दिलेलं नाही. त्याच्याकडे विषं आहेत. त्या विषांची मात्रा माणसाने कष्टाने मोजली, तेव्हा त्यांचं औषध झालं. ज्या वस्तूला कसलाच दुष्परिणाम नाही असं विकणारा सांगतो, तिला बहुधा कसलाच परिणामही नसतो.

तिसरी हरकत. 'शार्कला कॅन्सर होत नाही, हे तर विज्ञान आहे!'

नाही. शार्कला गाठी झाल्याच्या नोंदी आहेत. १९९२ साली अमेरिकेत याच नावाचं एक पुस्तक निघालं आणि जगभर कूर्चेचा बाजार उठला. पण मंडळी, शास्त्रज्ञांनी ती कल्पना हसून सोडून दिली नाही. त्यांनी ती खरोखर करून बघितली. २००५ साली त्र्याऐंशी रुग्णांवरच्या चाचणीचा निष्कर्ष आला. अर्ध्यांना कूर्चा, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी भुकटी. आयुष्य वाढलं नाही, त्रासही कमी झाला नाही. २०१० साली फुप्फुसाच्या कर्करोगाच्या तीनशे एकोणऐंशी रुग्णांवरच्या चाचणीचा निष्कर्ष आला. कूर्चेचा अर्क देऊनही काही उपयोग नाही. आमच्या घरी डबा आला २०११ साली. म्हणजे आधीच्याच वर्षी या प्रश्नाचं उत्तर जगाला मिळालेलं होतं. ते उल्हासनगरच्या आमच्या दोन खोल्यांपर्यंत पोचलं नाही. डबा मात्र पोचला.

'करून बघणं' म्हणजे खरं काय, ते इथे दिसतं. शेकडो माणसांना विचारून, त्यांची संमती घेऊन, दोन गट करून, वर्षानुवर्षं नोंदी ठेवून, आणि उत्तर 'नाही' आलं तर तेही छापून. एका माणसाला डबा देणं याला करून बघणं म्हणत नाहीत. भाऊजींना पहिले काही आठवडे बरं वाटलं ते आधी घेतलेल्या केमोमुळे. आम्ही ते श्रेय डब्याला दिलं. तुलनेला दुसरं काही नसलं की असं होतं.

चौथी हरकत. 'औषध कंपन्या नैसर्गिक गोष्टी दाबून ठेवतात.'

अहो, दाबून कशाला ठेवतील? त्यातून त्या पैसे मिळवतात! वर सांगितलेली सगळी औषधं कंपन्या विकतातच, आणि नवी भरपूर महाग आहेत, ही माझीही तक्रार आहे. आपल्या नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात शिकले, पुढे अमेरिकेत गेले. तिथे मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन आणि एका सूचिपर्णी झाडाच्या सालीतून टॅक्सॉल शोधलं. १९६६ आणि १९७१ सालच्या या गोष्टी. दोन्हींपासून आज जगभर केमोची औषधं होतात. ते कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही आहे, आणि म्हणून ती झाडं चोरून इतकी तोडली गेली की दुर्मिळ झाली. निसर्गातलं औषध कुणी दाबून ठेवत नाही. मिळालं तर ओरबाडतात. तुमच्या डब्यात खरंच काही असतं, तर तो डबा मोबाईल नंबरवर विकला गेला नसता.

आता थोडं वर्तमानपत्रवाल्यांबद्दल. 'समुद्री शेवाळाने कॅन्सरच्या पेशी मारल्या' अशी बातमी दर दोन-चार महिन्यांनी येते. बातमी खोटी नसते, अर्धी असते. काचेच्या ताटलीत पेशी मरणं फार सोपं आहे. फिनेल ओतलं तरी मरतात. डिडेम्निन बी नावाचा सागरी पदार्थ असाच आशेने अमेरिकेत रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत गेला, अशा पदार्थांतला तो पहिला, आणि फार विषारी निघाल्याने सोडून द्यावा लागला. ब्रायोस्टॅटिनच्या तर कित्येक चाचण्या झाल्या, कर्करोगावर म्हणावं तसं यश आलं नाही. गोव्याला दोनापावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथे आपल्या किनाऱ्यावरचे स्पंज, शेवाळ, जिवाणू अभ्यासले गेले आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेच्या समन्वयाने समुद्रातून औषधं शोधण्याचा एक राष्ट्रीय कार्यक्रमही चालला. हे काम झालंच पाहिजे, सरकारने त्याला भरपूर पैसा द्यावा. पण आपल्या किनाऱ्यावरच्या जिवापासून निघालेलं कर्करोगाचं औषध अजून बाजारात आलेलं नाही. जो ते आलं असं सांगतो, तो एक तर फसवतोय किंवा फसलाय.

खरं औषध बोलतं कसं, तेही ऐका. एरिब्युलिनची चाचणी सातशे बासष्ट स्त्रियांवर झाली. आधीच्या सगळ्या उपचारांतून गेलेल्या, रोग पसरलेल्या स्त्रिया. नेहमीचे उपचार मिळालेल्यांचं आयुर्मान सरासरी साडेदहा महिन्यांच्या आसपास होतं, नवं औषध मिळालेल्यांचं तेरा महिन्यांच्या आसपास. फरक अडीच महिन्यांचा. चोवीस-पंचवीस वर्षांच्या मेहनतीनंतर जगासमोर येऊन ते म्हणाले, 'आम्ही अडीच महिने वाढवू शकलो.' हे वाचून मला आधी वाईट वाटलं आणि मग त्या माणसांबद्दल फार आदर वाटला. अडीच महिन्यांना अडीच महिनेच म्हणणारा माणूस विश्वासाचा. शंभर टक्के म्हणणाऱ्याला दाराबाहेर काढा.

एक गोष्ट मात्र मी मान्य करते. तो पांढऱ्या शर्टवाला आमच्या घरी तासभर बसला. हात हातात घेऊन बसला. रुग्णालयात आम्हाला चार मिनिटं मिळायची, तीही घाईत, अर्धी इंग्रजीत. तिथल्या डॉक्टरांना दोष नाही देत, बाहेर शंभर माणसं ताटकळत असत. पण पुढची औषधं का घ्यायची, हे मराठीत, कागदावर, शांतपणे कुणी सांगितलं असतं, 'हे सलाईन समुद्रातल्या स्पंजावरून सुचलंय' एवढं एक वाक्य जरी बोललं असतं, तर आमची निसर्गाची भूक तिथेच भागली असती. बदलापूरहून नाहीतर उल्हासनगरहून मुंबईपर्यंत आजारी माणसाला गर्दीच्या लोकलने नेणं काय असतं, ते नेणाऱ्यालाच कळतं. माणूस थकतो. थकलेल्या माणसाला डबा विकणं सोपं जातं. म्हणून माझा राग थकलेल्यांवर नाही. जे धडधाकट आहेत, घरी सोफ्यावर बसून निरोप पुढे ढकलतात, त्यांच्यावर आहे.

आणि निसर्गाचा एवढा पुळका असेल, तर एकदा अंबरनाथच्या शिवमंदिरामागे जाऊन उभे राहा. हजारेक वर्षांपूर्वीचं ते देऊळ, आणि शेजारी वालधुनी. नदी म्हणायची, पण नाल्यासारखी गत. नाकाला पदर लावावा लागतो. कारखान्यांचं आणि आपल्या घरांचं सांडपाणी घेऊन ती उल्हासनगरातून कल्याणकडे जाते, उल्हास नदीला मिळते, आणि तिथून खाडीने समुद्रात. ज्या समुद्राकडे आपण अमृत मागतो, त्याला आपल्या तीन गावांची भेट ही अशी जाते. त्याबद्दल ग्रुपवर कुणी निरोप टाकत नाही.

मी आयुर्वेदाच्या किंवा घरगुती उपायांच्या विरोधात नाही. मीही गुळवेलीचा काढा घेते. डॉक्टरांना विचारून, उपचार चालू ठेवून कुणी काही घेत असेल तर तो त्याचा प्रश्न. माझा विरोध 'ते सोडा आणि हे घ्या' याला आहे. कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हेही त्या चौदा हात जोडणाऱ्यांना माहीत असावं.

तेव्हा यापुढे कुणी डबा घेऊन आलं, तर चार प्रश्न विचारा. किती माणसांवर तपासलं? कशाशी तुलना केली? डब्यात नेमकं काय, किती मिलिग्रॅम? आणि चालू उपचार थांबवायला सांगतो आहेस का? शेवटच्याचं उत्तर 'हो' आलं तर आधीचे तीन विचारायचीसुद्धा गरज नाही. चहा न देता वाटेला लावा.

आणि 'करून बघायला काय हरकत आहे?' असं कुणी विचारलं, तर माझं नाव सांगा. हरकत आहे. मी करून बघितलं आहे.

जाऊबाईंना हा लेख प्रसिद्ध करण्याआधी वाचून दाखवला. पुस्तिका वाचून मी काय म्हणाले होते, ते त्यांना आठवत होतं. इतकी वर्षं त्यांनी ते कधी काढलं नाही. म्हणाल्या, 'टाका वहिनी, नाव नका घालू फक्त.' म्हणून टाकते आहे.

भाच्या, तू वाचत असशीलच. रागावू नकोस. पण तो निरोप काढून टाक, आणि काढल्याचं ग्रुपवर लिही. बाकीच्यांनी काय वाटलं ते खाली जरूर कळवा. फक्त निरोप फॉरवर्ड करू नका.